इंद्रभाननं दिवस सांगितला नाही

"इंद्या, चाल बे! रानातली पिकली टेंभरं पाखरं खाऊन टाकतीन!" सहदेवनं सरकीच्या गोदामाच्या दारावर थाप मारली.

सुट्टीतली भर दुपार. सोनाळ्यात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. राखणदार मोतीराममामा जेवायला गेले, की गोदामावर त्यांचा भाचा इंद्रभान बसायचा.

"सॉरी, नॉट टुडे!" आतून आवाज आला.

"पाह्य, आला मोठा साहेब!" सहदेव खिदळला.

त्याच्यासोबत आलेल्या सोजराला मात्र हसू आलं नाही. बेत पुढं ढकलायचा तर इंग्रजीतून, ही टोळीची हौस इंद्रभाननंच खामगावच्या शाळेतून आणलेली. नियमही त्याचाच : नवा दिवस सांगितल्याशिवाय सुटका नाही! तापानं फणफणला होता, तेव्हाही खाटेवरून त्यानं "हाऊ अबाऊट संडे?" विचारलंच होतं.

"मंग कधी?" तिनं विचारलं.

मग पुन्हा तेच, "नॉट टुडे..." आवाज कापत होता.

इंद्रभान दिवस सांगत नाही म्हणजे... सोजरानं ओळखलं, आत कुणीतरी होतं!

"ऑल राइट!" ती मुद्दाम ओरडली आणि सहदेवला ओढत, पाय वाजवत कोपऱ्यापर्यंत गेली. "इंद्याले कोनीतरी धरलं हाय. चावडीवर पय!"

"अन् तू?"

"पय ना बे!"

गोदामामागं बैल जुंपलेली गाडी उभी होती, पोत्यांनी अर्धी भरलेली. मागचं दार उघडं. आत दोन अनोळखी माणसं, आणि एकाच्या मुठीत इंद्रभानची मान! ओरडावं, तर ते त्याला काय करतील?

तिनं खांबाला बांधलेला कासरा सोडला आणि बैलाची शेपटी पिळली. गाडी खडखडत उधळली!

"अबे, बैल सुटले!" दोघंही गाडीमागं धावले. सोजरा आत शिरली, इंद्रभानचा हात धरला आणि सुसाट सुटली.

वळणावर सहदेवमागून काठ्या घेतलेली माणसं येतच होती. चोर आयतेच सापडले.

"वाघीन हाय पोरगी! अन् तुमी दोघंही काही कमी नाही!" चावडीवरून आलेल्या हिंमतराव पाटलांनी तिघांच्या पाठीवर हात फिरवला.

जेवून परतलेल्या मोतीराममामांची मान खाली. "मागचं कुलूप कवाचं मोडलं होतं... लावीन आता."

"कधी, मामा? दिवस सांगा!" सोजरा म्हणाली.

"टुडे," मामा पुटपुटले. सगळे हसले.

इंद्रभानचा गार पडलेला हात अजून तिच्याच हातात होता.

"सोजरे, टेंभरं..." तो हळूच म्हणाला, "हाऊ अबाऊट टुमारो?"

तेव्हा कुठं सोजराला रडू फुटलं.