खोलीची शांतता

मुलाखत घेणाऱ्यानं तोंडाला कुलूप लावायचं, हा तिच्या गुरूचा पहिला नियम. समोरचा रडू दे, अडू दे, आपण फक्त मान डोलवायची. दुसरा नियम शेवटी लागे. सगळं बोलून झालं की एक मिनिट कुणी जागचं हलायचं नाही आणि नुसत्या खोलीचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा. संकलनात वाक्यांमधल्या फटी बुजवायला तो उपयोगी पडतो. युद्धावरून परतलेल्यांच्या आठवणी चित्रित करायचं काम तिला नुकतंच लागलं होतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तिचा तर पहिलाच होता.

आजोबा एक्क्याऐंशी वर्षांचे. जखमी मित्राला पाठीवर घालून आणल्याबद्दल त्यांना पदक मिळालं होतं. मित्र वाटेतच गेला, असं सगळं जग समजत होतं. पण आजोबांनीच फोन करून तिला बोलावलं होतं. "त्याची बहीण अजून आहे," ते म्हणाले होते. "मी चार दिवसांचा पाहुणा. डोळे मिटायच्या आत तिला खरं कळलं पाहिजे."

दुपारचे चार वाजले होते. सूनबाईंनी पंखा आणि फ्रिज बंद केला. तिनं एक छोटा माईक आजोबांच्या कॉलरला लावला. दुसरा तिचा स्वतःचा. दिवा सरकवायच्या गडबडीत तो तिनं कॅमेऱ्याच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीला अडकवला आणि विसरली. ती उजवीकडे बसली.

आजोबा बोलू लागले ते त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.

"आजोबा, माझ्याकडे बघून बोला ना."

"त्याच्याकडे बघूनच सांगायला हवं," ते हळूच म्हणाले. तिला नियम आठवला. तिनं मान डोलवली.

"त्याचं पोट फाटलं होतं. मी आतडी हातानं आत ढकलत होतो आणि तो ओरडत होता. आम्ही नाल्यात. वर काठावर बूट वाजले, दहा पावलांवर. गप्प बस म्हटलं, हात जोडले. ऐकेना. मग तोंडावर हात दाबला... नाकासकट."

त्यांनी उजवा तळवा पुढे केला. अंगठ्याखाली दातांची पांढरी कमान होती.

"हाडापर्यंत चावला. मी छातीवर गुडघा दिला. बरगडी मोडली ती मला कळली. टाचा आपटत होता... मग थांबला. बूट लांब गेल्यावर हात काढला आणि त्याच्या कानात म्हटलं, गेले ते. आता ओरड."

रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी मान हलवली.

"सकाळी काठावर आमचंच स्ट्रेचर पडलेलं दिसलं. आमचीच माणसं होती ती. त्यालाच शोधत होती."

तिचे डोळे भरून आले. आणि त्याच वेळी, पहिलीच मुलाखत इतकी जबरदस्त झाली, म्हणून तिला आनंदही झाला. त्याची तिला आजही लाज वाटते.

तिनं लेन्सला टोपी घातली. "आता एक मिनिट कुणी हलायचं नाही. आवाज करायचा नाही."

"मीही त्याला हेच सांगितलं होतं," आजोबा म्हणाले.

कप वाजू नयेत म्हणून सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. तिनं हेडफोन चढवले आणि कॅमेऱ्यावरच्या सेकंदांवर नजर ठेवली. दहा. डाव्या कानात खुर्ची करकरली. तो तिचा माईक. हात कॉलरकडे गेला, कॉलर रिकामी होती. वीस. डाव्या कानात श्वास, जोर लावताना दात आवळून घेतलेला. उजव्या कानात, आजोबांच्या माईकवर, कापड घासल्याचा आवाज, आणि मग टाचा. फरशीवर, एकामागून एक. म्हाताऱ्याचे पाय थरथरत असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. आपण हललो तर मिनिट फुकट जाईल. पंचेचाळीस. तिनं मान वर केली नाही. टाचा थांबल्या. साठ.

आजोबा खुर्चीत मागे कलंडले होते, डोळे सताड उघडे. नाकातून रक्त आलं होतं. एका गालावर चार बोटांचे वळ, दुसऱ्यावर अंगठ्याचा.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. बरगडी कशानं मोडली ते मात्र त्यांना सांगता येईना.

घरी तिनं रिकाम्या खुर्चीचा आवाज एकदाच ऐकला. मिनिट संपतासंपता माईकला ओठ लावल्यासारखा कुणी तरुण म्हणाला, "गेले ते. आता ओरड."

तिनं ते मिनिट पुसलं. त्या माईकचं सगळंच पुसलं. पण आजोबांचा शब्द मोडवेना, म्हणून नुसत्या त्यांच्या माईकवरची मुलाखत बहिणीला पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. म्हातारीचा आवाज शांत होता.

"सगळं ऐकलं बाळा. बरं झालं, खरं कळलं. दादा मध्ये मध्ये त्यांना पुढचं विचारतो, ते जरा हळू येतं. तेवढं मोठं करून देशील?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आणि शेवटी तो तुझे आभार मानतो... ते कशाबद्दल ग?"