वायर धरून उभी

ही गोष्ट खरी आहे. देवापुढे दिवा लावून लिहायला बसले आहे, पदरचं काही घातलेलं नाही.

साल १९८८, तलासरी. नवरात्र सरल्यानंतरचा शनिवार, दिवेलागणीची वेळ.

माझ्या सुनंदाआत्याकडे नवा टीव्ही आला होता. पण तलासरीला मुंबई कुठली नीट लागायला! छपरावर उंच पाइप, त्यावर अँटेना, वर बूस्टर. तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. आत्याचा शैलेश छपरावर चढून अँटेना फिरवून दमला. मध्येच गुजराती बातम्या यायच्या, त्याही जायच्या.

एकदा सून, मुक्ता, टीव्हीमागची जळमटं काढायला गेली. तिचा हात वायरीला लागला...

आणि चित्र लख्ख आलं.

"हलू नकोस गं!" आत्या ओरडली.

तेव्हापासून मुक्ताची जागा ठरली. गाणी असोत, सिनेमा असो, सगळे पुढे बसून बघणार आणि मुक्ता मागे वायर धरून उभी. तिला दिसायची फक्त टीव्हीची पाठ.

शेजारची सुषमा हसायची, "सुनंदाताई, सून आणलीत की अँटेना?"

"अँटेनाला जेवायला तरी घालावं लागत नाही," आत्या म्हणायची.

त्या शनिवारी मराठी चित्रपट होता. मुक्ताला सातवा महिना.

"आई, बसू का थोडं? पोटात कळ येतेय."

"बसलीस की चित्र जातं. जाहिराती लागू देत."

जाहिराती लागल्या. आत्याला त्याही बघायच्या होत्या.

"आई... बसू का?"

"थांब गं, शेवट आलाय!"

शैलेशने आवाज वाढवला.

पडद्यावर 'समाप्त' आलं आणि मागे काहीतरी धपकन पडलं.

डहाणूच्या दवाखान्यात नेताना गाडीतच मुक्ता गेली. पोटातलंही गेलं.

तेरावं झालं. पुढच्या शनिवारी आत्याने टीव्हीवरचं कापड काढलं.

"आई, नको ना," शैलेश म्हणाला.

"सुतक फिटलंय. आता काय टीव्ही विकू?"

बटण दाबलं. खरखर... मुंग्या...

मग चित्र लख्ख आलं.

मागे कोणी नव्हतं.

आत्याला भीती वाटली नाही. बरं वाटलं. "बघ, बूस्टर सुधारला."

सिनेमा बघायला आलेल्या सुषमाने नुसतं बोट दाखवलं. भिंतीलगत लोंबणारी वायर ताणली गेली होती. बाईच्या छातीइतक्या उंचीवर... कोणी मुठीत धरावी तशी.

सुषमा चपला टाकून पळाली. शैलेश दारात थिजला. आत्या मात्र बघत राहिली. चित्रपट रंगात आला होता ना.

जाहिराती लागल्या आणि आवाज गेला. एकदम शांत.

टीव्हीमागून हळूच...

"आई... बसू का?"

आत्या ताडकन उठली.

"बस गं बाई, बस!"

वायर सैल पडली. चित्र गेलं. आत्याने सुस्कारा टाकला आणि खुर्चीवर टेकायला वाकली...

"बसलात की चित्र जातं, आई."

आत्या पुन्हा कधी बसली नाही.

शैलेशने टीव्ही देऊन टाकला, वायर काढली. तरी ती टेकायला गेली की तिला ते वाक्य ऐकू यायचं. जेवण उभ्याने. झोप भिंतीला पाठ लावून. पाय सुजून फुटले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांत काही दोष नाही. ती विवळवेढ्याच्या महालक्ष्मीलासुद्धा उभ्यानेच जाऊन आली. शैलेश बाजूला होता. "आई, बस," असं म्हणायचा त्याला धीर झाला नाही.

सत्त्याण्णव साली ती गेली. सकाळी ती टीव्ही असायचा त्याच कोपऱ्यात सापडली... भिंतीकडे तोंड, एक हात पुढे, मूठ आवळलेली. उभीच.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. संध्याकाळी दिवा लावला की मुक्तासाठी पाट मांडते, भोवती रांगोळी काढते, म्हणते, "मुक्ता, बस गं."

सकाळी पाट तसाच असतो. वर धुळीचा कणही हललेला नसतो.

पाटासमोरची रांगोळी मात्र रोज पुसलेली असते.

दोन पावलांएवढी.