कार्ड कोण काढतंय?

यातलं एक अक्षरही मी वाढवून लिहिलेलं नाही.

पटलं तर पटलं. नाही पटलं तर जळगावला या. मेहरूणला आमचं घर आहे, खोली दाखवते.

तारीख १४ मे २०२४. मंगळवार. वेळ दुपारी साडेबारा.

हो, दुपारीच. असल्या गोष्टी फक्त रात्री घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडचा मे महिना पाहिलेला नाही. चव्वेचाळीस डिग्री. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अकरा ते चार अख्खी गल्ली दारं लावून पडलेली असते.

मी ललिता. माहेर साक्रीचं. सहा वर्षं एका कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीचं काम केलं. ते दुकान बंद झालं तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं सुरू केलं. जुने कॉम्प्युटर आणायचे, चांगले पार्ट काढायचे, एकातलं दुसऱ्यात बसवायचं आणि चालतं मशीन उभं करून विकायचं.

मिस्टर दीपनगरला पॉवर स्टेशनात ड्युटीला. दिवसभर घरात मी आणि माझे सासरे, तोताराम आबा. तेही तिथूनच रिटायर झालेले.

गेमिंगचं मशीन मी पहिल्यांदाच करत होते.

धुळ्याच्या चुडामणभाऊ भंगारवाल्यांचा फोन आला होता. "ताई, एक मोठा काळा डबा आलाय. एका बाजूला काच आहे. तुमच्या कामाचा वाटतोय."

डबा खरंच चांगला होता. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं जिवंत. फक्त ग्राफिक्स कार्ड नव्हतं. गेमची चित्रं पडद्यावर आणणारा, विटेएवढा पार्ट. तोच नसेल तर गेमिंग कसलं? साक्रीला एक नेट कॅफे बंद होत होता, तिथून मी जुनं कार्ड आणलं. पॉवर सप्लाय तेवढा नवा घेतला. त्यात मी जुनं कधीच वापरत नाही.

भुसावळचा विक्रम नावाचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, तो शनिवारी मशीन न्यायला येणार होता.

मंगळवारी बांधून झालं. एक तास गेम चालवून पाहिला. मस्त चाललं. बंद केलं, काच लावली आणि जेवायला आत गेले.

परत आले...

काच भिंतीला टेकवून ठेवलेली.

कार्ड टेबलावर. खाली वर्तमानपत्र. शेजारी दोन स्क्रू, एका रेषेत.

"आबा, तुम्ही कार्ड काढलं का?"

"मी कसाले काढू? मी हात बी नही लाया," आबा चिडले.

मला वाटलं, विसरत असतील. वय झालंय. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ते कार्ड उपसून निघत नाही. त्याच्याखाली एक छोटी खिटी असते, ती दाबून धरावी लागते, नाहीतर बोर्ड तुटतो. खिटी शाबूत होती.

ज्याने काढलं, त्याला हे काम येत होतं.

बुधवारी पुन्हा बसवलं. भाकरी टाकत होते तेवढ्यात लाइट गेली. कूलर बंद पडला. घरात एकदम शांतता.

आणि त्या शांततेत पुढच्या खोलीतून आवाज आला...

खर्र... खर्र...

स्क्रू फिरवल्याचा.

मी पिठाच्या हातांनीच धावले. आवाज थांबला. खोलीत कोणी नव्हतं. बाहेरच्या दाराला आतून कडी. कार्ड टेबलावर, वर्तमानपत्रावर.

गुरुवारी आबांनी स्वतः खोलीला कुलूप घातलं. किल्ली सदऱ्याच्या खिशात. दारासमोर खुर्ची टाकून बसले. जागचे हलले नाहीत.

एक वाजता कुलूप काढलं...

कार्ड बाहेर.

आबांनी कार्ड उचलून उलटंपालटं करून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चाळीस वरीस करंटसंगे काम करं मी. हाई कधी नही देखं. बेटा, दी टाक हाई मशीन वापस."

"नाही देणार."

"ललिता..."

"आबा, आज हे परत दिलं तर उद्या दुसऱ्या मशीनला हेच होईल. मग काय करू? दारावरचा दुकानाचा बोर्ड उतरवू? घरात बसू?"

 आबांना माहीत होतं, तो बोर्ड लावायला मी काय काय ऐकून घेतलं होतं.

शुक्रवारी सकाळीच सांगून टाकलं. "आज मी आत बसणार."

"येडी शे का तू?"

"कडी लावत नाही. हाक मारली तर या."

बारा वाजता कार्ड बसवलं. दोन्ही स्क्रू घट्ट केले. मशीनची वायर काढून गुंडाळून ठेवली. मग उजवा हात कार्डवर ठेवला आणि बसून राहिले.

बारा वीसला लाइट गेली. कूलर थांबला.

शेजारी कुकरची शिट्टी सुरू झाली... आणि मध्येच तुटली.

मग काहीच नाही. एक पाखरू नाही, एक गाडी नाही. माझा श्वाससुद्धा मला ऐकू येईना.

खर्र...

पहिला स्क्रू फिरत होता.

मी पाहत होते. स्क्रू ड्रायव्हर माझ्या मांडीवर होता. आणि स्क्रू सावकाश, आपोआप फिरत होता. डोळ्यात घाम गेला म्हणून मी एकदा डोळे मिटले. उघडले तेव्हा स्क्रू टेबलावर होता.

मग दुसरा.

मग... टक. खिटी दाबली गेली.

आणि माझ्या हातावर हात आला.

दिसत काहीच नव्हतं. पण चार बोटं होती. गार नव्हती... गरम होती. घामेजलेली. कामातल्या माणसाची असतात तशी.

ती बोटं माझा हात कार्डवरून सोडवत होती. जोर नव्हता. राग नव्हता. शिकाऊ माणसाच्या हातातून वस्तू काढून घेतात, तसं चाललं होतं.

खरं सांगते, तोपर्यंत मी घाबरले होते.  पण त्या एका गोष्टीने माझं डोकं फिरलं.

सहा वर्षं दुकानात माझं हेच झालं होतं. मी मशीन खोलायची आणि मागून कोणीतरी यायचं. "सरका मॅडम, राहू द्या." हातातलं काढून घ्यायचं.

मी कार्ड घट्ट धरलं.

"हात काढ," मी म्हणाले.

बोटं थांबली.

"मशीन तुझं असेल कधीकाळी. आता मी बांधलंय. माझी चूक असेल तर दाखव. नसेल तर हात काढ!"

बोटं हलली नाहीत. सोडतही नव्हती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. हाताला रग लागली. दंड थरथरायला लागला. मी सोडलं नाही.

"कोनासंगे बोली राहिनी वं तू?" आबा दार ढकलून आत आले.

त्याच क्षणी हात हलका झाला. शेजारचा कुकर पुन्हा वाजायला लागला.

आबा माझ्या हाताकडे बघत होते. मी पाहिलं...

हाताच्या पाठीवर चार करडे पट्टे. प्रोसेसरला लावतात ती पेस्ट. मंगळवारनंतर मी ती उघडलीच नव्हती.

 आबा आत गेले आणि साबण घेऊन आले.

त्यानंतर दोन तास मी टॉर्च लावून ते मशीन तपासलं. एकेक वायर, एकेक सोल्डरिंगचा टाका. चूक नव्हती. कुठेच नव्हती.

संध्याकाळी समोरच्या वच्छलाबाई लिंबू-मिरच्या घेऊन आल्या. आबा त्यांच्याजवळ बोलले असणार. "दाराला बांध गं, आणि तो डबा घराबाहेर काढ," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. मिरच्या फोडणीत टाकल्या आणि लिंबाचं सरबत करून आबांना दिलं.

पण झोप आली नाही. शनिवारी सकाळी चुडामणभाऊंकडून मशीनच्या आधीच्या मालकाचा नंबर घेतला. हितेंद्र, राहणार देवपूर, धुळे. मला वाटलं होतं, कोणीतरी रडत सांगेल की तो गेला म्हणून. फोन त्यानेच उचलला.

"तुमचा काळा डबा माझ्याकडे आलाय," एवढंच मी बोलले.

 तो म्हणाला, "कार्ड काढून ठेवतं का?"



"तुमच्याकडेही?"

"तीन कार्डं बदलली मी. शेवटी डबाच देऊन टाकला."

"कोण आहे तो?"

"मला काय माहीत, मॅडम? मी पण जुनाच घेतला होता."

"मी धरून ठेवलं," मी म्हणाले. "सोडलं त्याने."



"सोडलं?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "मग आता तो कुठे आहे?"

मी फोन ठेवला.

दुपारी विक्रम आला. मी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कार्ड दाखवलं, हातावर पट्टे कुठे उठले होते ते दाखवलं. तो हसला. म्हणाला, "ताई, चालतंय ना? मग झालं." आणि मशीन घेऊन गेला.

वर्ष उलटून गेलं. त्याच्याकडे एकदाही काही झालेलं नाही. मी दर महिन्याला विचारते.

मग आज हे का लिहितेय?

गेल्या आठवड्यामुळे.

रूपा मॅडम म्हणून एक शाळेतल्या बाई आहेत, त्यांचा जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला आला होता. साधाच, ऑफिसच्या कामाचा. दुपारची वेळ. आबा साक्रीला लग्नाला गेलेले. एक स्क्रू अगदी आतल्या कोपऱ्यात होता, जिथे हात शिरत नाही. तीनदा पडला. मी वैतागून पाणी प्यायला आत गेले. दोन मिनिटं लागली असतील.

परत आले...

स्क्रू बसलेला होता.

सरळ. घट्ट. माझ्याने बसला असता त्याहून चांगला.

मी दारातच उभी राहिले.  बाहेर पळावंसं वाटलं. वच्छलाबाईंचं दार दहा पावलांवर आहे.

पण खोली माझी आहे.

मी आत गेले. स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि तो स्क्रू काढून टाकला.

"मी मदत मागितली नव्हती," मोठ्याने म्हणाले.

मग तो पुन्हा बसवायला घेतला. पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पडला. चौथ्यांदा बसला. या वेळी कोणी माझ्या हातातून काही काढून घेतलं नाही.

पण तेवढा सगळा वेळ... माझ्या उजव्या खांद्यामागे कोणीतरी उभं होतं. वाकून बघत होतं. मानेवर श्वास लागत होता.

मी वळून पाहिलं नाही.

हातातलं काम संपल्याशिवाय मी कोणाकडेच पाहत नाही.