सातव्या झाडाची काडी

"कुणीही जागचं हलायचं नाही! तपास सुरू झालाय!" बोक्याने आईच्या प्रयोगशाळेचं दार धाडकन लावलं.

"मी ठसे शोधतो!" म्हणत ढब्बू टेबलाखाली शिरला.

टिटवी मात्र दाराशीच उभी राहिली. एरवी अशा तपासात तीच सगळ्यांच्या पुढे असे!

सुट्टीसाठी ती आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू आत्याकडे आले होते. बोका हा आत्याचा मुलगा. आत्या जुन्या झाडांच्या खोडांतून पेन्सिलीएवढ्या काड्या काढून आणायची आणि त्यांवरच्या रेघा वाचायची. एका वर्षाची एक रेघ; रुंद असली तर भरपूर पाऊस, बारीक असली तर दुष्काळ. तिचा निकाल ऐकून उद्या शहराचं नवं धरण केवढं बांधायचं ते ठरणार होतं. आणि कालपासून सातव्या झाडाची काडी बाकीच्यांशी जुळतच नव्हती!

"वगळूया का तिला?" आत्याच्या जोडीने काम करणारे काका म्हणाले.

"सगळ्यांत म्हातारं झाड तेच! ते वगळलं तर जुना काळच हातचा जाईल."

"मग माझाच काहीतरी घोळ असणार," काका पडेल आवाजात म्हणाले. "परवा मी ती काडी ठेवलेल्या ट्रेवरच चहाचा कप ठेवला होता."

टिटवीने ट्रेवरची नजर पटकन काढून घेतली. परवा, हात लावू नका असं बजावलेलं असताना, तिने ती काडी उचलली होती. काडी निसटली, मधला तुकडा तुटला. तिने तो गुपचूप डिंकाने चिकटवून टाकला होता.

बोक्याने काडीवर भिंग धरलं. "आई! प्रत्येक रेघ फिकट सुरू होते आणि गडद होऊन संपते ना? मग या मधल्या तुकड्यात उलटं कसं?"

आत्या वाकली आणि तिने कपाळावर हात मारला. "तुकडा उलटा चिकटलाय! आणि आम्ही दोघं शहाणे काडीच्या फोटोवरून नुसती रेघांची रुंदी मोजत बसलो! शाब्बास रे बोक्या!"

"डिंक माझ्याच टेबलावर असतो," काका मान खाली घालून पुटपुटले. "मीच..."

"तुम्ही नाही!" टिटवी किंचाळली. "मी! माझ्या हातून पडली. मीच चिकटवली!"

ढब्बू टेबलाखालून आ वासून बघत राहिला.

आत्याने तुकडा अलगद सोडवून सुलटा बसवला. रेघा बाकीच्या झाडांशी चपखल जुळल्या. जुना दुष्काळ तुटक तुटक नव्हताच, सलग आणि लांबलचक होता! धरण मोठंच लागणार होतं.

"म्हणजे मी नाही? खरंच मी नाही?" काकांचा चेहरा इतका उजळला, की टिटवीला रडूच फुटलं.

"खरं बोललीस, बरं केलंस," आत्या म्हणाली. "पण परवाच बोलली असतीस, तर काल काका काळजीने उपाशी झोपले नसते."

"काका, रागवा ना मला!"

"रागावलोच आहे," काका म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणून उद्या धरणाच्या बैठकीला तूही चल. ही काडी का जुळत नव्हती, ते सगळ्यांना तूच सांग."

 टिटवीने डोळे पुसले आणि मान डोलावली.