हौदाच्या काठावरची वेल

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं. कुणाला पटवत बसायला आता माझ्याकडे वेळ नाही.

रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. गेल्या वर्षीच्या चैत्रातली भर दुपार होती. जागा म्हणजे चिखलीबाहेरचा एक कारखाना, जिथे सिमेंटच्या जाळ्या, कुंड्या, तुळशीवृंदावनं बनतात. माझी मावसबहीण सारिका तिथे गोकुळची दुसरी बायको म्हणून नांदायला गेली होती.

पहिली बायको समता. ती कारखान्यातल्या हौदात बुडून गेली. ताजा माल भिजत ठेवायचा तो हौद, पुरुषभर खोल. पाय घसरला, असं सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांनी अगदी एकाच शब्दांत सांगितलं. तेव्हापासून हौद कोरडाच होता, माल पाइपने भिजवायचे.

समताच्या हातात कला होती. हौदाच्या काठाचं सिमेंट ओलं असताना तिने त्यावर चमच्याच्या दांड्याने वेल कोरली होती. गिऱ्हाईक यायचं ते "समताबाईचा माल" मागत. पाटी मात्र सासूच्या, गोजरबाईंच्या नावाची.

हिवरा आश्रम गावच्या एका गिऱ्हाइकाला विहिरीच्या कठड्यासाठी तीच वेल हवी होती. सारिका साच्याचा विचार करत बसली. लाकडात एवढी बारीक नक्षी उतरत नाही. फायबर कडक, ते वेलीच्या खाचांत अडकून काठच फोडेल. प्लास्टर दोन-चार नगांत झिजतं.

राहिलं रबर. ब्रशने थरावर थर द्यायचे आणि सुकलं की सालीसारखं सोलून काढायचं. केसाएवढी रेघसुद्धा त्यातून सुटत नाही.

गोजरबाईंना ते आवडलं नाही.

"पत्र्याचा साधा साचा काय वाईट आहे वं? त्या काठाले हात नको लावू."

पण गोकुळला ऑर्डर सोडवेना.

दुपारी माणसं जेवायला गेली होती. लाईट गेलेली, मिक्सर बंद. सारिका एकटीच काठापाशी बसून पहिला थर देत होती.

आणि खाली, कोरड्या हौदात... चुळुक.

तिने वाकून पाहिलं. तळाला धूळ होती आणि वाळलेली पानं.

तिने पुन्हा ब्रश फिरवला. एका जागी तो अडखळला. तिथे वेलीशिवाय काही नाही, हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. पण ब्रशखाली काहीतरी मऊ लागत होतं...

आणि ते थरथरत होतं.

सारिकाने डोळे मिटून थर पुरा केला. काम टाकून पळाली असती तर सासूने काय काय ऐकवलं असतं, तेही तिला ठाऊक होतं.

रबर सोललं तेव्हा आत चार खोल खड्डे दिसले. कसले ते तिला कळेना. म्हणून तिने त्यात सिमेंट ओतलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं.

वेल आली होती. पानं आली होती.

आणि वेलीवर... चार बोटं. हौदाच्या आतून काठ घट्ट धरलेली.

बोटं चेपलेली होती. त्यांच्यावर पावलाचा पुढचा भाग उमटला होता. अंगठा, अंगठ्यावर चढलेलं शेजारचं बोट, आणि त्या बोटाखाली जाड पिळाच्या जोडव्याचा वळ.

सारिकाने आधी स्वतःचे पाय पाहिले. तिची जोडवी बारीक होती.

गोजरबाई ओसरीवर पाय पसरून तूर निवडत बसल्या होत्या. सारिका समोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या जोडव्यांकडे बघत...

"पायाकडे काय पाहून राह्यली वं? निंगाला का तुहा साचा?"

"नाही, आत्याबाई. बुडबुडे आले. वाया गेला."

"बरं झालं," गोजरबाई म्हणाल्या. आणि त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

सारिकाने तो नग घणाने फोडला. ऑर्डर गेली म्हणून गोकुळ चार दिवस तोंड पाडून होता. बाकी त्याने काही विचारलं नाही.

रबर तिने जुन्या लुगड्यात गुंडाळून माहेरी आणलं. आईने त्या खड्ड्यांत आपली बोटं घातली आणि चटका बसल्यासारखी काढून घेतली. तिला सगळं कळलं होतं. बापालाही कळलं होतं. तरी तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरीने गुमान नांदावं. तिला परत धाडलं. मला त्या दोघांचा अजून संताप येतो.

जाताना रबर तिने माझ्याकडे लोणारला ठेवलं आणि ते माळ्यावर पडलं.

पुढे सारिकाने फायबरचे साचे केले, स्वतःची नक्षी काढली. हात बसला. गिऱ्हाईक आता "सारिकाबाईचा माल" मागायला लागलं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

आज सकाळी तिचा फोन आला.

"दादा, आत्याबाईनं हौद भरून घेतला. माल पाइपानं नीट भिजत नाही म्हणतात."

मी माळ्यावर चढलो. पत्रा तापून पोळत होता. लुगडं सोडलं...

रबर ओलं होतं.

तिला आणायला निघालोय. हे एसटीत बसून लिहितोय, मेहकर मागे पडलं. पिशवी मांडीवर आहे. तिच्यातून पाणी गळतंय, माझी पँट भिजून गेलीय, शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला.

सारिकाचा फोन वाजतोय. कुणी उचलत नाहीये.