सत्ताविसावं गाव

प्रवासाला निघताना त्या दोघांच्या सामानात कॅमेरा कधीच नसायचा. लेकीने एकदा हौसेने आणून दिला होता, तो अजून खोक्यातच होता. सामानात असायची ती एक जाड कागदाची वही, जलरंगांची पत्र्याची पेटी, दोन ब्रश, आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली विणकामाची पट्टी. नातेवाईक हसायचे. हसोत बापडे. दोघांच्या नोकऱ्याच अशा, की डोळे आणि बोटं रिकामी राहिली तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. पस्तीस वर्षं नळ आणि झडपा. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायची. एकतीस वर्षांत तिची मोजणी चुकली असं कोणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर तिने ऐकून घेतलं नसतं.

पद्धत ठरलेली होती. कुठल्याही गावाला गेलं की ते एक जागा निवडून चित्राला बसायचे. रंग लावण्याआधी वहीच्या खालच्या कडेला ब्रश टेकवून पाहायचे, त्यामुळे प्रत्येक चित्राखाली रंगांच्या ठिपक्यांची एक रांग तयार व्हायची. संध्याकाळी वही काखोटीला मारून ती लोकरीच्या दुकानात जायची आणि त्या ठिपक्यांशी जुळणारी लोकर मागायची. दुकानदार मेटाकुटीला यायचे. हा निळा नको, फार भडक. हा नको, अगदीच आजारी दिसतो. मग बेचाळीस टाक्यांची पट्टी, एका गावाला वीतभर. नवं गाव जुन्या गावाच्याच टाक्यांवर चढायचं. अशी सव्वीस गावं त्या अभ्र्यात होती.

प्रत्येक चित्रात कुठेतरी ती असायचीच. पायरीवर, कट्ट्यावर, स्टेशनच्या बाकावर, मान खाली घालून विणत बसलेली. ते स्वतः मात्र एकाही चित्रात नव्हते.

"एकदा तरी स्वतःला काढा की," ती म्हणायची.

"काढणारा चित्रात नसतो, अगं. नाहीतर काढेल कोण?"

नावाने हाक दोघांनीही कधी मारली नाही. ती अहो म्हणायची, ते अगं. तेवढ्यावर चाळीस वर्षं निभावली.

सत्ताविसावं गाव तळ्याकाठचं होतं. मागच्या वर्षी लाँचच्या धक्क्यावर ती बाकावर विणत बसली होती आणि ते समोरच्या दगडी पायऱ्यांवर बसून चित्र काढत होते. आदल्या संध्याकाळी आणलेल्या लोकरीच्या तिच्या अकरा ओळी झाल्या होत्या. चित्रात तळं झालं, तिकीटघराचं लाल छप्पर झालं, बाकावर डाव्या बाजूला ती झाली. बाकाची उजवी बाजू तेवढी राहिली होती. ते उठले, ब्रश पाण्याच्या डब्यात तसाच ठेवला आणि म्हणाले, "जरा तुझ्याजवळ येऊन बसतो." आले, बसले, आणि बसल्या जागी गेले. लाँच यायला अजून दहा मिनिटं होती.

वर्ष होत आलं तसं एक भलतंच सुरू झालं. तिला त्यांचा चेहरा आठवेना. कान आठवायचे. नाकाच्या शेंड्याला लागलेला रंग आठवायचा. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणं आठवायचं. पण सगळं जुळवून चेहरा करायला गेलं की मध्ये कोरी जागा यायची. घरात फोटो होता तो ओळखपत्रावरचा, त्यात ते चोरी कबूल करायला आल्यासारखे दिसत. इतकी गावं हिंडलेला माणूस, आणि एकाही गावात तो तिला सापडत नव्हता. तिला त्यांना एकदा, कुठल्यातरी एका गावात, नुसतं बसलेलं पाहायचं होतं. बाकी काही नको होतं. या इच्छेने तिची झोप उडाली होती.

"एकटी कशाला जातेस, आई?" लेक फोनवर म्हणाली.

"अकरा ओळी सुयांवर तशाच आहेत गं. अर्धवट काम मला बघवत नाही."

"रविवारी परत ये म्हणजे झालं."

"चारच्या लाँचने निघते."

धक्क्यासमोरच्याच घरात तीच वरची खोली मिळाली. खिडकीतून बाक दिसायचा. मालकीणबाई अंगाने घसघशीत आणि मनाने हळव्या. दारातच गळ्यात पडल्या. मग चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कप होते.

"अगंबाई! सवयीने आणला हो काकू."

सवय कसली, मागच्या वर्षी तीनच दिवस तर राहिलो होतो, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या कपावर साय धरेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

गुरुवारी ती बाकावर बसून आठ ओळी विणून आली. खोलीत खिडकीशी बसून सवयीप्रमाणे मोजल्या. अकरा आणि आठ, एकोणीस. भरल्या वीस. तिने पुन्हा मोजल्या, सुईच्या टोकाने एकेक ओळ मागे टाकत. वीसच. वयाने होतं असं, असं ती स्वतःला म्हणाली, आणि ते म्हणताना तिला स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी नऊ ओळी झाल्या आणि पुन्हा एक जास्त भरली. पट्टी दिवसभर मांडीवरच होती. तिने चष्मा पुसला, पट्टी उजेडात धरली आणि ती जास्तीची ओळ शोधून काढली. शोधायला वेळ लागला नाही. त्या ओळीतला प्रत्येक टाका पीळ पडलेला होता, एका पायावर दुसरा पाय टाकून उभा राहिल्यासारखा.

असे टाके जगात एकच माणूस घालायचा. नऊ वर्षांपूर्वी तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, तेव्हा एका गावी त्यांनी सुया हातात घेतल्या. लोकर सुईवर उलट्या बाजूने गुंडाळायचे आणि जीभ दातांत धरून तासन् तास विणायचे. वीतभर पट्टी झाली, सगळी पिळाची. प्लास्टर निघाल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर ती वीत उसवली आणि नीट विणून काढली. ते शेजारीच बसले होते. "माझं गाव उसवलंस की," एवढंच म्हणाले, आणि हसले.

त्यांच्या हातचा एक टाकाही तिने शिल्लक ठेवला नव्हता. गेलं वर्षभर तिला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर याने. आता ती पिळाची ओळ तिने गालाला लावली आणि पोटभर रडून घेतलं. भीती नंतर वाटली, आणि तीही थोडीच.

शनिवारी सकाळी ती बाकावर बसली नाही. त्यांची वही घेऊन समोरच्या पायऱ्यांवर बसली. तिच्या चित्रकलेबद्दल न बोललेलं बरं. लेकीला शाळेसाठी कावळा काढून दिला होता, त्याला बाईंनी किटली समजून गुण दिले होते. पण त्यांनी चुकीचं का होईना, विणलं होतं. तिने चुकीचं का होईना, काढायला काय हरकत होती? तिने बाकाच्या रिकाम्या बाजूवर पेन्सिल टेकवली.

रेघ आली. डावा खांदा थोडा उतरता, तसा तो होताच, हे तिला रेघ पाहिल्यावर आठवलं. बूट आले. एकावर एक टाकलेले पाय आले. तिने बूट रंगवले, तपकिरी, ओलसर. रंग सुकताना तिचं लक्ष शेजारी गेलं. चित्रातल्या तिच्या चपला दिसत नव्हत्या.

दमट हवा, तिने ठरवलं. वर्षभर वही बंद होती. तिने विजार रंगवली, सदरा रंगवला, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या रंगवल्या. सदऱ्याचा राखाडी हिरवा ब्रशवर घेतला, तेव्हा तो त्यांनी खालच्या कडेला लावलेल्या, चित्रात कुठेच न वापरलेल्या शेवटच्या ठिपक्याशी तंतोतंत जुळला. आणि शेजारची ती आता कमरेपासून वर होती. खाली कागद होता, पांढरा. पुसल्याची खूण नाही, पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. तिने बोट फिरवलं. कागद कोरडा आणि गुळगुळीत होता.

तिने मागची पानं उलटली. स्टेशनच्या बाकावर ती अर्धी होती. कट्ट्यावर अर्धी. सव्वीसच्या सव्वीस गावांत, सुया हातात घेऊन, हवेत टांगलेली अर्धी.

दुपारी तिने वही मालकीणबाईंसमोर धरली. "हे कोण वाटतं तुम्हाला?"

"काकाच की! हुबेहूब. चेहरा तेवढा राहिलाय."

"आणि त्यांच्या शेजारी?"

मालकीणबाईंनी पानाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पानाकडे.

"शेजारी कुठे कोण आहे?" त्या म्हणाल्या, आणि दूध उतू जातंय असं काहीतरी पुटपुटत आत गेल्या. त्या दिवशी संध्याकाळचा चहा वर आला नाही. रविवारी सकाळीही कोणी दार वाजवलं नाही.

तिने सामान भरलं. चारच्या लाँचला अजून दोन तास होते. लेकीला फोन लावला.

"हॅलो? कोण?"

"मी गं."

"हॅलो? कोण बोलतंय?"

"अगं, मी. आई."

"काहीच ऐकू येत नाहीये," लेक कोणालातरी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

ती पलंगावर बसून राहिली. सगळं तिला नीट कळत होतं; हिशेब चुकणाऱ्यांतली ती नव्हतीच. चेहरा काढला तर काय जाईल, ते तिला ठाऊक होतं. वही मिटून चारची लाँच धरली तर निम्मी का होईना, ती उरणार होती. लेक होती. घर होतं. घरात तो ओळखपत्रावरचा फोटो होता.

आणि मध्ये ती कोरी जागा होती.

बॅग तिने खोलीतच ठेवली.

पट्टी तिने बाकावर ठेवली, डाव्या बाजूला, जागा धरून ठेवतात तशी. मग ती पायऱ्यांवर बसली आणि ब्रश ओला केला.

आधी कपाळ. त्यावर चढवलेला चष्मा.

मग भुवया, डावीत ती जुनी खोक. ही खोक आपण विसरलो होतो? तिला हुंदका आला आणि ती हसलीही.

डोळे. नाक. ओठ, काहीतरी खोडसाळ बोलायच्या बेतात असलेले.

ते होते. पुरते होते, एका गावात, एका बाकावर, नुसते बसलेले. वर्षभर जी तहान लागली होती ती त्या एका कागदावर भागली. तिने किती वेळ पाहिलं, तिला सांगता आलं नसतं.

शेजारी कागद पांढरा होता.

तिने मान वर केली.

बाकावर उजव्या बाजूला ते बसले होते. तोच सदरा. पट्टी त्यांच्या मांडीवर होती, जीभ दातांत, आणि लोकर सुईवर उलट्या बाजूने गुंडाळली जात होती.

मालकीणबाई घरातून आल्या. तिच्या अगदी जवळून, पायऱ्यांवरून उतरल्या. हातात एकच कप होता.

"काका, तुमच्या लेकीचा फोन होता. बाबा चारच्या लाँचने निघाले का म्हणून विचारत होती."

"निघतो म्हणावं. एवढी ओळ झाली की."

"वर्ष झालं आता काकूंना," मालकीणबाई हलकेच म्हणाल्या. "किती जिवाला लावून घ्याल?"

"अकरा ओळी तिने सुयांवर ठेवल्या होत्या. अर्धवट काम तिला बघवायचं नाही."

"अहो," तिने हाक मारली.

त्यांनी मान उचलली आणि तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडे, पायऱ्यांकडे, पायऱ्यांमागच्या भिंतीकडे. मग पुन्हा मान खाली घातली.

"जरा तुमच्याजवळ येऊन बसते," ती म्हणाली.

ती आली, बसली. बाक गार होता. ते सरकले नाहीत.

कप ठेवून मालकीणबाई गेल्या. पाण्यावर दूर लाँचचा भोंगा वाजला.

ओळ संपली तशी त्यांनी पट्टी मांडीवर पसरली आणि सुईच्या टोकाने ओळी मोजल्या. थांबले. चष्मा कपाळावरून खाली ओढून पुन्हा मोजल्या.

एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. बेचाळीस टाके, एकालाही पीळ नाही.

आज तिने सुयांना हातही लावला नव्हता.

त्यांनी ती ओळ उचलून गालाला लावली.