दगड वाकडा का गेला?

"घास! घास! अगं घास की! झोपलीस का?" मॉर्व्हनच्या आजीचा, सेंगा ग्रॅनचा आवाज बर्फाच्या दालनात असा घुमला की छपराला तडा जावा.

मॉर्व्हन आणि तिची मैत्रीण जसलीन दगड लांब जावा म्हणून त्याच्या पुढे खसाखसा झाडू मारत धावत होत्या. ग्रॅनचं वय झालेलं, वाकता येत नाही, म्हणून ती काठीने ढकलून दगड सोडते. पण नेम? नेम असा, की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं! ग्रॅनाइटचा तो गोल, जड दगड बर्फावरून संथ चालला होता. आता पलीकडच्या रंगीत वर्तुळांच्या मधोमध, म्हणजे 'घरा'त जाऊन बसणार, एवढ्यात त्याने मान वाकडी केली, गर्रकन वळला आणि थेट कठड्याला जाऊन धडकला!

"ग्रॅन, तुझ्या दगडाला शिंक आली!" गुण मांडणारा मॉर्व्हनचा धाकटा भाऊ स्ट्रुअन ओरडला.

जसलीनने दगड उलटा केला. बुडाला केसाएवढा बारीक पांढरा धागा चिकटला होता. बर्फावर दगड सरकवायच्या या खेळात एवढं पुरतं. बर्फावर पडलेला एक धागा दगडाखाली आला की दगडाचं डोकं फिरलंच.

"पुन्हा लोकर!" घराच्या मागे उभा असलेला मर्डो म्हणाला. हा राष्ट्रीय महिला संघाचा प्रशिक्षक. उंच, हडकुळा माणूस. डोक्यावर चौकड्यांची टोपी आणि टोपीवर हा एवढा पांढरा गोंडा! त्याने ग्रॅनच्या पांढऱ्या स्वेटरकडे पाहिलं. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

किन्लॉरी गावच्या त्या राष्ट्रीय क्रीडा केंद्रात सकाळी देशाचा संघ खेळे आणि दुपारी गावातली माणसं. बर्फ तोच, दगडही तेच. गावाला त्याचा केवढा अभिमान! पण गेले काही दिवस राष्ट्रीय संघाचेही दगड असेच वाकडे जात होते. निवड सामना तर त्या मुली एका दगडाने हरल्या.

केंद्रप्रमुख रेनीबाई घसा खाकरत आल्या. "सेंगा, वाईट वाटतं हो सांगायला. पण सोमवारपासून गावाचा खेळ बंद ठेवू या. तात्पुरता. शुक्रवारी निरोपाचा सामना खेळू, आमच्या मुलींबरोबर."

"तात्पुरता म्हणजे मी मरेपर्यंत ना?" ग्रॅनने विचारलं आणि काठी उचलून ताडताड निघून गेली.

बाकीचे हसले, मॉर्व्हन मात्र हसू शकली नाही. ग्रँडपा गेल्यापासून ग्रॅन फक्त खेळाच्या दिवशी खिडकीचे पडदे उघडायची. बाकीचे दिवस घरात दिवसाही दिवा लागे. खेळ बंद झाला तर?

"हे आपण शोधून काढायचं!" ती म्हणाली. शाळेची ऑक्टोबरची बटाट्याची सुट्टी चालू होती. पूर्वी या सुट्टीत पोरं शेतात बटाटे काढायला जायची, आता कोण जातंय? नाव तेवढं उरलंय. तर वेळच वेळ होता.

दुसऱ्या सकाळी तिघं काचेमागच्या बाकांवर जाऊन बसले. बर्फ रात्रीच तासून, वर पाण्याचे नवे थेंब शिंपडून तयार केलेला. गावच्या कोणी अजून पाऊलही ठेवलं नव्हतं. तरी एक दगड वाकडा गेलाच!

"ग्रॅन तर घरी आहे!" जसलीन कुजबुजली.

"आणि वाकडे जातात ते याच टोकाला," मॉर्व्हन म्हणाली. "त्या टोकाला एकही नाही. का?"

स्ट्रुअनचं खेळाकडे लक्षच नव्हतं. तो मर्डोची नक्कल करत होता. ताठ उभं राहायचं, डोळे बारीक करायचे आणि डोक्यावरचं काहीतरी उपटायचं.

"हे काय करतोयस रे माकडा?"

"मर्डो असंच करतात! दगड निघाला की त्यांचा हात गोंड्यावर. सामना अटीतटीचा झाला की जास्तच. बघ, बघ, आता बघ!"

तिघांनी पाहिलं. मर्डो दगडावर नजर रोखून याच टोकाच्या घरात उभा होता आणि त्याची बोटं गोंडा कुरतडत होती. त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं!

"चला, सांगू या!" जसलीन उठलीच.

"कोण ऐकणार? पांढऱ्या बर्फावर पांढरा धागा. म्हणतील, ग्रॅनचाच." मॉर्व्हन वैतागली. मग तिची नजर स्ट्रुअनच्या डब्याकडे गेली. बिटाच्या लोणच्याचं सँडविच खाऊन पोराची बोटं, ओठ, कॉलर, सगळं गुलाबी झालं होतं. "स्ट्रुअन," ती सावकाश म्हणाली, "उद्या लोणच्याची अख्खी बरणी आण."

शुक्रवारी मर्डो सूप प्यायला बसला आणि टोपी खुंटीवर गेली. स्ट्रुअन त्याच्यासमोर जाऊन बसला. "मर्डो, झाडू मारल्याने दगड लांब का जातो हो?" झालं! मर्डोच्या आवडीचा विषय. सूप निवलं तरी त्याचं बोलणं संपेना.

इकडे मुलींच्या स्वच्छतागृहात गोंडा बरणीत बुचकळला गेला आणि हात वाळवायच्या यंत्राखाली धरला गेला. इतक्यात दार उघडलं. रेनीबाई! मॉर्व्हनने टोपी पाठीमागे लपवली आणि जसलीनने आपली लांब वेणी यंत्राखाली घातली.

"केस ओले झाले, रेनीबाई!"

"इथे व्हिनेगरचा वास कसला येतोय?"

"शाम्पू आहे. पंजाबी!"

रेनीबाईंनी नाक मुरडलं आणि त्या गेल्या. जसलीन म्हणाली, "माझ्या आईला हे कळलं तर मला बरणीत घालेल!"

टोपी गुपचूप खुंटीवर परतली आणि मर्डोने न बघताच डोक्यावर चढवली. सामना सुरू झाला. ग्रॅन रेनकोट घालून आली होती. "घ्या! अंगावर लोकरीचा धागा नाही. मोजेसुद्धा सुती आहेत, बघायचेत?" राष्ट्रीय संघाच्या मुली मर्डोच्या डोक्याकडे पाहून खिदळत होत्या. त्याला वाटलं, पोरी खुशीत आहेत.

सामना बरोबरीत आला. शेवटचा दगड ग्रॅनचा. तिने काठी टेकली, डोळा मिटला, ढकललं. मॉर्व्हन झाडू मारत धावली. घरात उभ्या मर्डोचा हात गोंड्यावर गेला... आणि घराच्या तोंडाशी दगड फिरला!

जसलीनने तो उलटा केला. बुडाला धागा होता. गुलाबी!

सगळ्यांच्या माना मर्डोच्या टोपीकडे वळल्या.

या खेळाची एक रीत आहे. चालत्या दगडाला तुमचा पाय लागला, झाडू लागला, तर पंचाने पकडायची वाट बघायची नाही. ज्याची चूक, त्याने आपण होऊन हात वर करायचा.

मॉर्व्हनने हात वर केला. "बिटाचा रस आमचा आहे. तुमची टोपी आम्ही रंगवली. न विचारता."

मर्डोने टोपी काढली. "ही माझ्या आईने विणली होती," तो हळूच म्हणाला. "शेवटची."

मॉर्व्हनला हे कुठे माहीत होतं! मर्डोने गोंडा चिमटीत धरून ओढला. धागा अलगद निघून आला. त्याने तो पाहिला, दगड पाहिला आणि हात वर केला, अगदी सरळ, सगळ्यांना दिसेल असा.

"दगड मी बिघडवला. हाही आणि आधीचे सगळे. निवड सामन्यातलासुद्धा. सेंगा, मी तुमच्या स्वेटरला दोष दिला. माफ करा."

मग त्याने ग्रॅनचा दगड उचलला आणि घराच्या बरोबर मधोमध ठेवला. बिघडलेला दगड जिथे पोचला असता तिथे ठेवायचा, हीही रीतच. गाव टाळ्या पिटू लागलं. ग्रॅन जिंकली!

"थांबा!" ग्रॅन काठी टेकत घरापर्यंत आली. "लाड करू नकोस पोरा. माझा जोर कमी पडला होता. मागे घे. आणखी मागे. हां, तिथे." दगड वर्तुळाच्या काठाबाहेर राहिला, आत राष्ट्रीय संघाचाच दगड उरला. "हरले मी. आता जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला प्यायला द्यायचं. काढ पाकीट!"

मर्डो हसला, आणि त्याने डोळेही पुसले.

सगळ्यांसाठी गरम चॉकलेट आलं. रेनीबाई म्हणाल्या, "सोमवारचा खेळ नेहमीसारखा. बंदी फक्त गोंड्याला! आणि पोरांनो, आम्ही मोठी माणसं स्वेटर बघत बसलो, डोळे उघडे ठेवलेत ते तुम्ही. तो पंजाबी शाम्पू मात्र पुन्हा आणू नका."

"हात वर करायला बिटापेक्षा जास्त हिंमत लागते," मर्डो मॉर्व्हनला म्हणाला. "तू आधी केलास, म्हणून मला जमलं."

ग्रॅनने टोपी ओढून घेतली. "तुझ्या आईने, एफीने वीण घट्ट घातलीय, गोंडा तेवढा ढिला. तिला कधी धीर म्हणून नव्हता! मी आवळून देते. रंग मात्र जायचा नाही."

"राहू दे," मर्डो म्हणाला. "आईला गुलाबी आवडायचा."

शनिवारी मॉर्व्हन ग्रॅनकडे गेली. खेळाचा दिवस नव्हता. तरी पडदे सताड उघडे होते आणि खिडकीशी उजेडात बसून ग्रॅन गुलाबी गोंडा आवळत होती.

"आलीस? दोरा ओव तुझ्या तरुण डोळ्यांनी," ती म्हणाली. "आणि हो, माझी बिटाची बरणी कुठाय?"